कळसूबाईला बंदी नको, मर्यादा हवी

बार्शी : येथून येडशीकडे निघाले की सपाट काळे रान मागे पडते आणि रामलिंगचा घाट सुरू होतो. या भागातील माणसाला डोंगर म्हणून जो काही परिचयाचा आहे, तो हाच. शाळेच्या भूगोलात त्याचे नाव हरिश्चंद्र-बालाघाट डोंगररांग असे आहे. सह्याद्रीपासून फुटून आग्नेयेकडे येणारी, एका अंगाला गोदावरीचे आणि दुसऱ्या अंगाला भीमेचे खोरे ठेवणारी ही रांग अहिल्यानगर, बीड, धाराशिव असे जिल्हे ओलांडत बार्शी तालुक्याच्या शिवेला येऊन टेकते. तिचा आरंभ हरिश्चंद्रगडापाशी होतो. हरिश्चंद्रगडाच्या उत्तरेस, त्याच अभयारण्यात, महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर उभे आहे. त्याचे नाव कळसूबाई, उंची १६४६ मीटर, म्हणजे सुमारे ५४०० फूट.

हे शिखर गेली काही वर्षे बातम्यांत येते ते त्याच्या उंचीमुळे नव्हे, तर गर्दीमुळे. पावसाळ्यातील शनिवार-रविवार, जोडून आलेल्या सुट्ट्या, वर्षाचा पहिला दिवस असे काही मुहूर्त ठरून गेले आहेत. त्या दिवशी पायथ्याच्या बारी गावातून हजारो माणसे एकाच वाटेने वर निघतात. मुंबई, पुणे आणि नाशिक ही तीन महानगरे हाकेच्या अंतरावर असल्याने तेथील गर्दी समजण्यासारखी आहे. पण आता सोलापूर, लातूर, बार्शी अशा दूरच्या गावांतूनही तरुणांच्या गाड्या रात्रभर प्रवास करून पहाटे बारीत पोहोचतात. ‘महाराष्ट्राचे एव्हरेस्ट’ ही बिरुदावली लोकप्रिय झाल्यापासून कळसूबाई हे एक डोंगर कमी आणि यादीतील एक खूण अधिक झाले आहे.

तरुण मुले डोंगर चढतात ही वाईट गोष्ट नाही, हे आधीच स्पष्ट केलेले बरे. गिरिभ्रमण हे काही निवडक लोकांचे व्यसन होते, ते सर्वसामान्यांचे झाले, याचा आनंदच मानला पाहिजे. प्रश्न आहे तो एका शिखरावर एका दिवशी किती माणसे मावतात, हा. दुर्दैवाने तो आपल्याकडे कुणी विचारलेलाच नाही.

मोकळीक आणि बंदी, या दोनच अवस्था

आपल्या प्रशासनाला निसर्गपर्यटनाच्या बाबतीत दोनच अवस्था ठाऊक आहेत असे दिसते. एक, सर्व काही मोकळे. आणि दोन, दुर्घटना घडली की सरसकट बंदी. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागील बाजूच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यानंतर पुणे जिल्ह्यातील अनेक पर्यटनस्थळांवर जमावबंदीचे आदेश निघाले. वर्ष उलटायच्या आतच, १५ जून २०२५ रोजी, तळेगावजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल माणसांच्या भाराने कोसळला आणि चार जणांचा बळी गेला. त्या पुलावर किती माणसांनी एका वेळी उभे राहावे, याची काटेकोर मोजदाद जागेवर कुणी करीत नव्हते. बंदीचा आदेश कागदावर राहतो आणि गर्दी जागेवर राहते, हा या दोन्ही घटनांचा धडा आहे.

कळसूबाईच्या वाटेवर कुंडमळ्यासारखा पूल नाही. पण शिड्या आहेत. खडकाच्या उभ्या टप्प्यांवर लोखंडी शिड्या बसवलेल्या आहेत आणि त्यांच्यामुळेच साधा माणूस शिखर गाठू शकतो. या शिड्या जेथे एकेरी आहेत तेथे चढणारा आणि उतरणारा दोघांनाही तीच वाट. समजा, एकामागून एक माणसांत पंधरा सेकंदांचे अंतर ठेवले, तर एका तासात २४० माणसे शिडी पार करतील. हजार माणसे वर जाऊन खाली यायची म्हणजे शिडी दोन हजार वेळा ओलांडली जाणार, आणि त्याला आठ तासांहून अधिक वेळ लागणार. कुणी घाबरले नाही, कुणी छायाचित्रासाठी थांबले नाही, पाऊस वाढला नाही, असे गृहीत धरून केलेला हा हिशेब आहे. प्रत्यक्षात यांपैकी प्रत्येक गोष्ट घडते. हजाराच्या पुढची संख्या आली की ओल्या खडकावर, धुक्यात, माणसांच्या रांगा ताटकळत राहतात. डोंगर धोकादायक असतो तो अशा वेळी. म्हणजे शिखराची क्षमता शिखराच्या पसरट माथ्यावरून ठरत नाही. ती त्याच्या सर्वांत अरुंद जागेवरून ठरते. हे गणित प्राथमिक शाळेतील आहे. ते करून त्यावरून आकडा ठरवण्याची इच्छा मात्र दिसत नाही.

ज्यांनी आकडा ठरवला

असा आकडा जगात अन्यत्र ठरवला गेला आहे आणि तो अनेक वर्षे पाळलाही जात आहे. अमेरिकेच्या पश्चिमेकडील सिएरा नेवाडा पर्वतरांगेत माउंट व्हिटनी नावाचे शिखर आहे. उंची १४,५०५ फूट. अलास्का वगळता अमेरिकेच्या सलग भूमीवरील हे सर्वोच्च शिखर. कळसूबाईशी त्याचे साम्य असे की तेथेही दोरखंड वा गिर्यारोहणाचे प्रशिक्षण न लागणारी पायवाट माथ्यापर्यंत जाते आणि म्हणूनच देशातील ‘सर्वांत उंच’ जागा गाठण्याची हौस असणारे सारे तेथे लोटतात.

तेथील वनसेवेने त्यावर काढलेला मार्ग साधा आहे. १ मे ते १ नोव्हेंबर या हंगामात पूर्वेकडच्या मुख्य वाटेने दररोज फक्त १६० माणसांना परवाना मिळतो. त्यांतील १०० एका दिवसात जाऊन येणारे, ६० मुक्काम करणारे. मागणी याच्या कितीतरी पट असल्याने फेब्रुवारीत अर्ज मागवून सोडत काढली जाते. ज्याचे नाव निघाले नाही त्याने पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करावा किंवा दुसरा डोंगर निवडावा. शुल्क असे आहे की ते कुणाला परवडू नये असा हेतू नाही. गाळणी पैशाची नसून चिठ्ठीची आहे. आणखी एक नियम आपल्याकडे ऐकताना विचित्र वाटेल. वाटेवरची शौचालये तेथे या शतकाच्या पहिल्या दशकात काढून टाकण्यात आली आणि प्रत्येक गिर्यारोहकाला आपली विष्ठादेखील खास पिशवीत भरून खाली आणावी लागते. उंचावर माती नाही, उष्णता नाही, काहीही कुजत नाही. जे टाकले ते तेथेच राहते, हे त्यामागचे साधे कारण.

या व्यवस्थेच्या मुळाशी १९६४ चा ‘वाइल्डरनेस अ‍ॅक्ट’ आहे. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या स्वाक्षरीने आलेल्या या कायद्याने काही भूभाग असे ठरवले की जेथे रस्ता नाही, मोटार नाही, कायमचे बांधकाम नाही आणि माणूस तेथे फक्त पाहुणा आहे. आरंभी ९१ लाख एकर असलेले हे क्षेत्र आज ११ कोटी एकरांच्या पुढे गेले आहे. व्हिटनीच्या पूर्वेकडील मुख्य वाट ज्या जॉन म्युर रानात आहे, ते पहिल्याच यादीतले.

आंधळे अनुकरण नको

तेव्हा अमेरिकेसारखेच आपणही करावे, असे म्हणून हा विषय संपवता आला असता. पण तसे नाही. ‘निर्मनुष्य रान’ ही कल्पना अमेरिकेत जशी दिसते तशी निष्पाप नाही. योसेमिटीचे खोरे निर्मनुष्य नव्हते. १८५१ मध्ये सशस्त्र तुकडी पाठवून तेथील मूळ रहिवाशांना हुसकावण्यात आले होते. व्हिटनीला हे नाव १८६४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या राज्य भूगर्भशास्त्रज्ञाच्या सन्मानार्थ दिले गेले. त्याआधी पायथ्याच्या ओवेन्स खोऱ्यातील पायूट लोक पिढ्यान्‌पिढ्या त्याला आपल्या नावाने ओळखत होतेच. आपले इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी १९८९ मध्येच एका गाजलेल्या निबंधात दाखवून दिले होते की, अमेरिकेची ही कल्पना भारतासारख्या दाट वस्तीच्या देशात जशीच्या तशी आणली तर तिचा भुर्दंड जंगलात राहणाऱ्या गरिबालाच पडतो.

कळसूबाईच्या बाबतीत हा मुद्दा कळीचा आहे. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ मध्ये घोषित झाले. सुमारे ३६० चौरस किलोमीटरच्या या प्रदेशात बिबट्या, तरस, भेकर, शेकरू आहेत. तशी माणसांची गावेही आहेत. अकोले तालुक्याचा हा पट्टा प्रामुख्याने महादेव कोळी आणि ठाकर समाजांचा. माथ्यावरचे छोटेसे देऊळ त्यांच्या देवीचे आहे. नवरात्रात तेथे जत्रा भरते आणि पंचक्रोशीतील म्हाताऱ्या बायकाही अनवाणी शिखर चढतात. त्यांना परवाना विचारणारा माणूस वाटेत उभा करणे हा अन्याय होईल, आणि मूर्खपणाही.

दुसरी बाजू पोटापाण्याची. भातशेती एका हंगामाची. उरलेल्या काळात गिर्यारोहकांना पिठले-भाकरी करून घालणे, वाट दाखवणे, मुक्कामाला पडवी देणे, वाटेवर लिंबू सरबत, ताक आणि भजी विकणे, यांवर कितीतरी घरांची चूल पेटते. बंदीचा आदेश निघाला की पुण्या-मुंबईचा पर्यटक दुसरीकडे वळतो. नुकसान होते ते बारीच्या माणसाचे. म्हणूनच सरसकट बंदी हा गर्दीवरचा उपाय नसून गरिबाला केलेला दंड आहे.

मात्र याच युक्तिवादाचा दुसरा अर्धा भाग सहसा सांगितला जात नाही. जास्त माणसे म्हणजे जास्त उत्पन्न, हे समीकरण खरे नाही. मध्यरात्री गाडीने यायचे, विजेरीच्या उजेडात आरडाओरडा करीत चढायचे, सूर्योदयाची छायाचित्रे काढायची आणि दुपारपर्यंत परतायचे, अशा पर्यटकाकडून गावाला मिळते ते गाडी उभी करण्याचे शुल्क आणि एका चहाचे पैसे. मागे राहतात त्या पाण्याच्या बाटल्या, वेष्टने आणि रात्रभर बिथरलेले जंगल. याउलट जो माणूस आदल्या संध्याकाळी येतो, गावात जेवतो, झोपतो आणि वाटाड्या घेऊन उजाडताना निघतो, तो गावाला कितीतरी अधिक देऊन जातो. संख्या कमी करून मुक्काम वाढवला तर गावाचे उत्पन्न घटेलच असे नाही. ते वाढू शकते. व्हिटनीच्या १६० परवान्यांपैकी ६० मुक्कामाचे असतात, यातील शहाणपण आपल्याकडे असे वापरता येईल.

घरचे उदाहरण कासचे

मर्यादा म्हटली की आपल्याकडे ती पाळली जाणार नाही, असा शेरा लगेच मारला जातो. त्याला उत्तर म्हणून अमेरिकेपर्यंत जाण्याची गरज नाही. सातारा पुरेसा आहे. कासचे पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटातील ३९ जागतिक वारसास्थळांमध्ये गणले गेले आणि फुलांच्या हंगामात त्याच्यावर अक्षरशः झुंड कोसळली. त्यानंतर तेथे दिवसाला तीन हजार पर्यटकांची मर्यादा आली, ऑनलाइन नोंदणी आली आणि व्यवस्था परिसरातील गावांच्या संयुक्त वनव्यवस्थापन समित्यांकडे आली. प्रवेशशुल्कातून गावच्या तरुणांना हंगामी रोजगार मिळाला. सारेच गुण्यागोविंदाने झाले असे नाही. पठाराला जाळीचे कुंपण घातले गेले, त्यावर अभ्यासकांनी टीका केली, आणि पुढे ते काढावेही लागले. तीन हजार हा आकडा जास्त आहे, असे म्हणणारेही आहेत. पण आकडा आहे, तो गावकरी राबवतात आणि चुकले तर दुरुस्त करता येते, हे महत्त्वाचे.

कायद्याची अडचणही सांगता येणार नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात प्रवेशासाठी परवाना लागतोच; पर्यटन हे त्या परवान्याचे एक मान्य कारण आहे. आपण फक्त त्या परवान्याची पावती करून टाकली. जितके येतील तितक्यांना ती फाडून द्यायची, एवढाच तिचा अर्थ उरला. दुसरीकडे, अकोले तालुक्यातील आदिवासी गावे अनुसूचित क्षेत्रात येतात, त्यामुळे १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा यांनी तेथील ग्रामसभेला आपल्या परिसरातील संसाधनांबाबत बोलण्याचा अधिकार दिलेला आहे. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीने २०११ च्या अहवालात हेच सांगितले होते. काय राखायचे आणि कसे, हे वरून लादू नका, ग्रामसभांना विचारा. त्या अहवालातील क्षेत्रनिश्चितीवर इतका गदारोळ झाला की हा मुख्य मुद्दा बाजूलाच पडला.

मर्यादा कशी असावी?

तेव्हा सूत्र असे मांडता येईल. पहिले, पंचक्रोशीतील रहिवासी आणि नवरात्रातील भाविक यांना मर्यादेतून पूर्णपणे वगळावे. त्यांच्यासाठी डोंगर हे पर्यटनस्थळ नाही. जत्रेच्या दिवसांत बाहेरच्या हौशी मंडळींना मात्र प्रवेश नको. दुसरे, बाहेरून येणाऱ्यांचा दैनंदिन आकडा शिड्यांच्या क्षमतेवरून ठरवावा. पावसाळ्याचा वेगळा, हिवाळ्याचा वेगळा. तो वनविभाग, ग्रामसभा आणि डोंगरांतील बचावकार्याचा अनुभव असलेल्या गिर्यारोहण संस्था यांनी एकत्र बसून ठरवावा आणि फलकावर जाहीर लिहावा. तिसरे, रात्रीची चढाई बंद करावी. अभयारण्याची रात्र ही प्राण्यांची आहे, हे मान्य करायला अवघड जाऊ नये.

चौथा मुद्दा बार्शीसारख्या गावांतून पाहणाऱ्याला अधिक जाणवेल. सर्व परवाने ऑनलाइन ठेवले तर नोंदणी सुरू होताच ते महानगरांतच संपतील. ज्यांच्याकडे वेगवान जोडणी, क्रेडिट कार्ड आणि वारंवार येण्याची ऐपत आहे, त्यांचेच शिखर होईल. म्हणून परवान्यांचा एक भाग बारीतच प्रत्यक्ष द्यावा, एक भाग गावातील मुक्कामाशी जोडावा आणि एक भाग शाळा-महाविद्यालयांच्या सहलींसाठी, दूरच्या जिल्ह्यांना प्राधान्य देऊन, राखून ठेवावा. वर्षातून एकदा निघणाऱ्या सोडतीचा गुण हाच की ती आधी पोहोचणाऱ्याला झुकते माप देत नाही.

याउलट जो पर्याय अलीकडे अनेक डोंगरांसाठी आकर्षक म्हणून पुढे केला जातो, तो म्हणजे रोपवे. केंद्राने २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात ‘पर्वतमाला’ योजना जाहीर केल्यापासून राज्यातही अशा मागण्यांना जोर आला आहे. देवस्थानांच्या ठिकाणी वृद्ध आणि अपंग भाविकांची सोय म्हणून त्याला स्थान आहे, हे नाकारता येणार नाही. पण अंजनेरी-ब्रह्मगिरीच्या प्रस्तावाला नाशिकच्या निसर्गप्रेमींनी गिधाडांच्या अधिवासासाठी विरोध केला, तो अनाठायी नव्हता. कळसूबाईसारख्या चिंचोळ्या माथ्याच्या शिखरावर पाळणा नेला तर शिडीवरची रांग कमी होईल, हे खरे. मात्र ती माथ्यावर जाऊन उभी राहील. अडचण दूर होणार नाही. ती १६४६ मीटरवर नेऊन ठेवली जाईल.

आपल्या दारातला प्रश्न

बार्शीकराने तीनशे किलोमीटरवरच्या शिखराची चिंता का करावी, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या दारात आले. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून शेकडो किलोमीटर चालत एक वाघ येडशी-रामलिंग घाट अभयारण्यात पोहोचला आणि बार्शी तालुक्यातील रानांतही वावरू लागला. जनावरे मारली गेली, शेतकऱ्यांची रात्रीची पाळी भीतीची झाली आणि २०२५ च्या आरंभी त्याला पकडण्यासाठी बाहेरून पथके आली. त्यांना तो महिनोन्‌महिने हुलकावण्या देत राहिला. ज्या माळांना आपण निव्वळ पडीक समजत होतो, ते एका वाघाला वस्तीयोग्य वाटले, हे आपल्याला तेव्हा कळले. शेतकऱ्याचे नुकसान खरे आहे आणि भरपाई वेळेवर मिळाली पाहिजे. पण या डोंगराचे मोल वाघाने आपल्याआधी ओळखले, हेही तितकेच खरे.

येडशी-रामलिंगचे अभयारण्य अवघे २२ चौरस किलोमीटरचे आहे. श्रावणात रामलिंगाच्या दर्शनाला आणि धबधब्याला जी गर्दी होते, तिचा भार या एवढ्याशा जंगलाला पेलायचा असतो. कळसूबाईला जो प्रश्न आज भेडसावतो आहे, तो याच रांगेच्या आपल्या टोकाला उद्या येणार आहे. कदाचित आलाही आहे. मोठ्या रानाला चुका सोसतात, छोट्याला नाही. म्हणून कळसूबाईला काय ठरते, याकडे बार्शीने लक्ष ठेवले पाहिजे.

शिखराच्या परिसरात कळसूची एक कथा सांगतात. ती एका घरी कामाला राहिली ती अट घालून : केर काढणार नाही, भांडी घासणार नाही. घरच्यांनी ती मान्य केली. एक दिवस घरी पुष्कळ पाहुणे आले आणि तिला भांडी घासायला लावली गेली. तिने ती घासली, आणि घर सोडून डोंगरावर निघून गेली. जेथे तिने भांडी घासली ती जागा थाळेमेळ म्हणून दाखवली जाते. देवीच्या डोंगरावर आज दर रविवारी पाहुण्यांची उष्टी गोळा करणारे हात गावकऱ्यांचेच असतात. पाहुण्यांनी यावे, हे त्यांना हवेच आहे. पण किती जणांनी यावे आणि कोणत्या अटीवर, हे विचारण्याचा अधिकार यजमानाचा असतो. तो अधिकार बारीच्या ग्रामसभेला देणे, ही या प्रश्नातील पहिली पायरी ठरावी.